कौलानं सोडलेला हात

चिमाला नवऱ्याची भीती वाटायची यात काही नवल नव्हतं. कळंबात त्या काळी नवऱ्याला न भिणारी बाई शोधायला निघालं असतं, तर चपला झिजल्या असत्या. नवल पुढंच आहे. धोंडी तिला मारायचा तेव्हा ती जेवढी भ्यायची, त्याहून जास्त तो मारायचा थांबल्यावर भ्यायला लागली.

आता हे नीट सांगायचं तर आधी धोंडी सांगायला हवा. हा गडी माथेरानला हातरिक्षा ओढायचा. मागून दोघं ढकलणार आणि पुढं एकजण दांडी धरून ओढणार, तो पुढचा म्हणजे धोंडी. मुंबईची जाडजूड शेटाणी आत बसलेली असो की दोन पोरांसकट साहेब, चढावर याचा श्वास चुकायचा नाही. दंड म्हणजे मुसळं. हंगामात वर राहायचा, पावसाळ्यात खाली घरी यायचा, आणि घरी आला की चिमाला मारायचा.

दारू पिऊन मारत असता तर दारूच्या नावानं बोटं मोडता आली असती. हा शुद्धीत मारायचा. भाकरी करपली, पाणी द्यायला उशीर झाला, कधी काहीच झालं नाही. रिक्षाची दांडी धरण्याआधी तळहाताला थुंकी लावायची त्याला सवय. तशीच थुंकी लावायचा, डावा पाय मागं घ्यायचा आणि मग हाणायचा. एकदा कानाखाली अशी बसली की चिमाला त्या कानानं धड ऐकू येईना झालं. गावाला सगळं ठाऊक होतं. कुडाच्या भिंती, त्यातून काय लपतंय? शेजारची पुतळाबाई दुसऱ्या दिवशी हळद घेऊन यायची आणि वर शहाणपण सांगायची, "गप ऱ्हा गं बाई. हात मोकळा झाला की मानूस शांत व्हतो."

मग एका वर्षी गावदेव बहिरीच्या जत्रेत धोंडीनं पाटलाच्या भावाचा दात पाडला. झालं! इतकी वर्षं जो गाव कानात बोळे घालून बसला होता, त्याला मारहाण किती वाईट असते ते एका दातात समजलं. सगळा गाव देवळापुढं जमला. धोंडीला मध्ये उभा केला. कोंडाजी गुरवानं त्याच्या हातात बेलाचं पान आणि भंडारा दिला आणि म्हणाला, "म्हन, ह्या गावात कुनावर हात उचलनार नाय."

धोंडी म्हणाला.

"असं कोरडं नाय चालायचं. कुनाच्या तरी डोक्यावर हात ठेवून म्हन. आन मोडलीस तर त्येला लागंल."

धोंडीनं इकडंतिकडं बघितलं. बायका मागं उभ्या होत्या, त्यात डोळा सुजलेली चिमा. तिच्या पदराला धरून जना उभी होती, त्यांची एकुलती एक पोर, दुधाचे दात पडायला लागलेली. चिमानं काय केलं? पोरीचं बखोट धरलं आणि तिला पुढं ढकललं. वर भर देवळापुढं, पाटलाच्या देखत बोलली, "आनि माज्यावर बी नाय. तसं बी म्हना."

बाई बोलली म्हणून चार म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. पण धोंडीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चिमावर बी नाय."

आणि खरंच, मार थांबला.

चिमानं सुटकेचा श्वास टाकावा की नाही? पहिले काही महिने टाकलाही. मग तिच्या ध्यानात आलं की धोंडीचा राग कुठं गेलेला नाही. तो तसाच यायचा. हात खांद्यापर्यंत वर जायचा, मग धोंडी जनाकडं बघायचा, कपाळावर घाम यायचा, आणि एका हातानं दुसरा हात धरून तो बाहेर निघून जायचा. दावं तुटायची वाट बघणाऱ्या बैलाशेजारी झोपावं तशी चिमा त्या घरात झोपायची. हा माणूस सुधारला की नुसता बांधून घातला, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

त्यात जनाला ताप आला की घरात मरण शिरायचं. पोरीच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवता ठेवता चिमा धोंडीला विचारायची, "खरं सांगा. वर माथेरानात कुनावर हात टाकलात?"

"नाय गं. बहिरीची शप्पत."

"मंग पोरीला ताप का आला?"

धोंडी काय सांगणार? वर एका पिऊन तर्र झालेल्या गिऱ्हाईकानं त्याच्या थोबाडीत मारली होती, तेव्हाही हा हात जोडून उभा राहिला होता. बरोबरचे रिक्षावाले त्याला बायल्या म्हणायचे. आणि एका वर्षी कर्जतच्या बाजारात एका टग्यानं जनाचा हात धरला. जना तेव्हा वयात येत होती. बाप चार पावलांवर होता. पोरगी "बा! बा!" करून ओरडली. धोंडी धावत आला आणि टग्यापुढं येऊन थांबला. मुठी आवळलेल्या, आणि हात काही वर जाईना. पोरीला वाचवायला हात उचलावा तर त्या हातानं पोरच मरायची! शेवटी जना त्या मेल्याच्या मनगटाला कडकडून चावली तेव्हा सुटली. घरी येईपर्यंत ती बापाशी एक अक्षर बोलली नाही.

असे दिवस चालले असताना एक शिणेमा उपटला. चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा असेल.

मुंबईचा एक डायरेक्टर साहेब माथेरानला हवा खायला आला होता. धोंडीच्या रिक्षात बसला आणि सगळा रस्ताभर त्याची पाठ बघत राहिला. उतरल्यावर म्हणाला, "माझ्या पिक्चरमध्ये काम करशील?" मग तिथंच झाडाखाली बसून त्यानं गोष्ट सांगितली. पुढच्या काळातलं एक शहर आहे. तिथलं सरकार मारकुट्या माणसांच्या मनगटात लोखंडी कडं ठोकतं. माणसानं हात उगारला की कडं आवळायला लागतं, हाड मोडेपर्यंत आवळतं. शहरात मारामारी बंद, जिकडंतिकडं शांतता. मग एक मोठा अंमलदार म्हणतो, एकाचं कडं काढून तर बघू, माणूस बदललाय का. आणि ज्या बाईला त्यानं पूर्वी मारलं होतं तिलाच त्याच्यापुढं उभं करतात.

धोंडी उकिडवा बसून ऐकत होता.

"मंग काय करतो तो मानूस?"

"मारतो."

"का?"

साहेब हसायला लागला. "अरे, नाही मारलं तर पिक्चर कोण बघणार?"

"त्येच्या पोरीचं काय व्हतं?"

"कसली पोरगी? पोरगी नाहीये त्यात."

धोंडीनं हात जोडले. आपला हात बांधलेला आहे, आपल्याला हे जमायचं नाही, असं सांगून सगळी हकीगत त्याला सांगितली. वाटलं होतं साहेब नाद सोडेल. पण तो तर उठून नाचायचाच बाकी राहिला. असाच माणूस हवा म्हणाला, आणि दोन दिवसांनी जीप घेऊन थेट कळंबात आला, पाटलाच्या ओटीवर.

गावाला काय, उकळ्याच फुटल्या. आपला धोंडी पडद्यावर! ज्याच्या भावाचा दात पडला होता तो पाटीलच पुढं होऊन म्हणाला, "देवाला इचारू. त्येनं उजवा दिला तर कुनाची ना हाय?"

म्हणजे कौल लावायचा. बहिरीच्या पाषाणावर डाव्या उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कोंडाजी गुरवाला त्या दिवशी एवढी माणसं समोर बघून चेव चढला. त्यानं घसा खाकरला आणि गाऱ्हाणं घातलं, "हे बा बहिरी म्हाराजा! धोंडीनं तुज्या पायाशी बेलभंडार उचलला, पोरीच्या डोक्यावर हात ठिवला. ती त्येची आन आज तू मोकळी करीत असशील तर उजवा दे, नसशील तर डावा दे!"

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले.

सगळे माना पुढं काढून बघत राहिले. उजवी पाकळी घरंगळली आणि खाली पडली. लोकांनी एकच गलका केला. चिमानं मात्र पुतळाबाईचा हात धरला.

"अगं, गुरवानं शिणेमापुरती म्हटलंच नाय. सगळीच आन सोडवली की!"

"देवाला कळतंय गं. तू नको वकिली करू."

चिमा तशीच घुसत गुरवापर्यंत गेली. म्हणाली, परत विचारा, नीट विचारा. कोंडाजी चिडला. "एकदा दिल्याला कौल परत इचारीत नाय. देव काय तुज्या घरचा गडी हाय?" चिमानं वळून नवऱ्याकडं बघितलं. लोक धोंडीच्या पाठीवर थापा मारत होते. तो मान खाली घालून आपले दोन्ही तळहात निरखत होता, जणू ते कुणी नुकतेच परत आणून दिले होते. त्यालाही सगळं ऐकू आलं होतं.

शूटिंग भिसेगावच्या पलीकडं एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत होतं. साहेबानं तिचा तुरुंग केला होता. गावकरी टेंपोत बसून जत्रेला जावं तसे गेले. चिमाला जायचं नव्हतं, पण घरी बसून कल्पना करण्यापेक्षा बघितलेलं बरं म्हणून गेली. मुंबईची एक काटकुळी पोरगी फाटकं लुगडं नेसून, केस सोडून उभी होती. धोंडीच्या हातात काठी दिली, ती हलकी, वरून कापूस गुंडाळलेली, लागणार नाही अशी. एका माणसानं धोंडीच्या मनगटातलं कडं काढलं. साहेब ओरडला, आणि धोंडीनं हात उचलला. तो खांद्यापर्यंत गेला आणि थांबला.

साहेबानं थांबवलं. पुन्हा केलं. पुन्हा हात खांद्याशी थांबला. पुन्हा, पुन्हा. जमलेल्या लोकांत चुळबूळ सुरू झाली. इथवर आलो आणि आपला माणूस नाक कापणार की काय! मग कुणीतरी ओरडलं, "मार की रं धोंड्या!" ती पुतळाबाई होती. मग पाटील ओरडला. मग सगळा गाव एका सुरात ओरडायला लागला, "मार! मार!" देवळापुढं ज्या तोंडांनी त्याच्याकडून 'हात उचलनार नाय' म्हणून घेतलं होतं, तीच ही तोंडं. साहेब खूष झाला, त्यानं कुणालाच गप केलं नाही.

धोंडीनं तळहाताला थुंकी लावली. डावा पाय मागं घेतला.

चिमाचा बहिरा कान एकदम वाजायला लागला. तिला ठाऊक होतं की आता किती वेळात बसणार. बसलीच. काठी मधोमध मोडली, ती पोरगी नाटकातलं नाही, खरंखुरं किंचाळली. गावानं शिट्ट्या मारल्या. साहेब टाळ्या वाजवत पुढं आला. चिमानं फक्त नवऱ्याचं तोंड बघितलं. त्या तोंडावर राग नव्हता. डोक्यावरचा भारा उतरून ठेवल्यावर माणसाला जसं बरं वाटतं, तसं त्याला बरं वाटलं होतं.

तो शिणेमा पुढं निघाला की डब्यातच राहिला, कुणास ठाऊक. कर्जतला तरी आला नाही. गाव चार दिवसांत विसरला. आणि ती सुटलेली आण? तिचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. ती राहिली चिमाच्या घरात.

चिमानं मुसळ फळकूट टाकून झाकलं. बैलाची काठी पेंढ्यात खुपसली. चुलीतली लाकडंसुद्धा बारकी बारकी फोडून ठेवली. धोंडी पाणी मागायचा तर तांब्या खाली ठेवून मागं सरायची. धोंडीला हे दिसत होतं. तो गप्प होता, फार गप्प होता, आणि तिला त्या गप्प राहण्याचीच धास्ती वाटायची. दिवसातून दहादा ती मनात म्हणायची, आज बसेल. शेवटी ती कोंडाजीकडं गेली. गुरव म्हणाला, "सुटली तर सुटली. नवी आन घेता येती की. पर त्येनं स्वतः उचलायला पायजे, आनि जनाच्याच डोक्यावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता, शेजारी जना. चिमा एका वाटीत बेलाचं पान आणि भंडारा घेऊन आली आणि त्याच्यापुढं उभी राहिली. हात लांब करून, अंतर राखून.

"अवो, परत उचला."

धोंडीनं वाटीकडं बघितलं. "डोकं जनाचं हाय. तिला इचार."

"मी नाय बसनार बाच्या हाताखाली," जना म्हणाली.

"काय बोलतीस?"

"नाय बसनार, आये. मला ताप आला की तू माज्याकडं बघत नव्हतीस, बाच्याकडं बघत व्हतीस. त्यानं कुनाला मारलं म्हून मी मरतीय, असं वाटायचं मला. बाजारात त्या मेल्यानं धरलं तवा बा माज्यामुळंच हालला नाय. तुला मार चुकवायचा व्हता, चुकीव. पर माजं डोकं का घालतीस मधी?"

चिमाच्या डोळ्यापुढं काजवे चमकले. ही पोरगी आपलं एकुलतं एक कुंपण मोडायला निघाली, एवढंच तिला कळलं. वाटी खाली पडली. तिनं जनाचे केस धरले आणि थोबाडीत दिली. एक दिली, दुसरी दिली. केसांना धरून तिचं डोकं धोंडीच्या गुडघ्याकडं रेटत ती ओरडत होती, "ठेव! ठेव म्हनती ना डोकं! बस खाली!" तिसऱ्यांदा हात वर गेला, आणि वरच अडकला.

धोंडीनं तिचं मनगट धरलं होतं.

त्या पकडीची ताकद तिच्या हाडाला ओळखीची होती. चिमानं डोळे मिटले, मान आत घेतली, चांगला कान खांद्याशी लपवला. आता. आता. शेंगांवरची माशी ऐकू येत होती. आणि मग मनगट सुटलं.

तिनं डोळे उघडले तर धोंडी खाली बसलेला, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"तुला भ्या वाटतंय," तो म्हणाला. "मला बी वाटतंय. त्या गिरनीत त्या पोरीला मारलं ना, तवा बरं वाटलं गं मला. लई बरं वाटलं. त्येचंच भ्या वाटतंय."

"मंग घ्या की आन! पाया पडती तुमच्या!"

"आन घेतली की माजा हात जना धरती. लेकरानं किती दिस धरायचा? आता माजा मलाच धरायला लागंल."

"आनि नाय धरला तर?"

जना तोंडावर हात ठेवून उभी होती, गालावर आईची बोटं उठलेली. चिमानं त्या गालाकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं बघितलं, आणि हंबरडा फोडून जमिनीवर बसली.

"मंग मी कुनाच्या भरवशावर ऱ्हाऊ हो? कुनाच्या?"

"माज्या," धोंडी म्हणाला.

धोंडी त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि त्यानं चिमावर पुन्हा हात उचलला नाही. पण हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या दुपारी अंगणात तिला हे सांगायला कोण होतं? आणि दुसऱ्या दिवशी? त्याच्या दुसऱ्या दिवशी? तिला रोज उठून त्या एका शब्दावर घरात वावरायचं होतं, आणि त्याला रोज उठून तो खरा करायचा होता. कधी भाकरी करपायची, धोंडीच्या कपाळाची शीर उठायची, मग तो हात मांडीखाली दाबून बसायचा आणि चिमा चुलीपाशी श्वास धरून उभी राहायची. त्या घरात शेवटपर्यंत दोघंही भीत होती, आणि दोघांनाही एकाच माणसाची भीती होती.